प्याला खाली ठेवल्यावर

राम गणेश गडकऱ्यांचे 'एकच प्याला' हे नाटक गंधर्व नाटक मंडळीने फेब्रुवारी १९१९ मध्ये वडोदऱ्यास प्रथम रंगभूमीवर आणले, तेव्हा ते पाहावयास त्याचा कर्ता हयात नव्हता. आदल्याच महिन्यात त्याचे निधन झाले होते. त्यानंतरच्या शंभराहून अधिक वर्षांत या नाटकाविषयी पुष्कळ बोलले गेले. सिंधूच्या सहनशीलतेचे गोडवे गायिले गेले, तळीरामाच्या कोट्यांना टाळ्या पडल्या, गडकऱ्यांच्या भाषेच्या डौलाची चर्चा झाली. एक साधा प्रश्न मात्र क्वचितच कोणी विचारला. सुधाकर दारू सोडण्याचा निश्चय करतो, तो मनापासून करतो, आणि तरीही तो निश्चय टिकत नाही. अशा वेळी त्या माणसाने जावे कोठे? त्याला रामलालसारखा जिवाभावाचा स्नेही आहे, पद्माकरासारखा सधन मेव्हणा आहे, आणि सिंधूसारखी पत्नी तर आहेच. या तिघांपैकी एकाच्याही प्रेमात काडीची उणीव नाही. परंतु उपदेश, शपथ आणि अश्रू यांच्यापलीकडे काय करावे हे त्यांच्यापैकी कोणालाच ठाऊक नाही. प्रेक्षकांनाही ते ठाऊक नव्हते, म्हणूनच त्या शोकांतिकेचा शेवट त्यांना अटळ वाटला.

आज तो अटळ मानण्याचे कारण उरलेले नाही. तरी अनेक मराठी घरांत अजून १९१९ सालच चालू आहे असे म्हणावे लागते. वर्षानुवर्षे परप्रांतात स्थिरावलेल्या आपल्या वस्त्यांत तर ही गोष्ट विशेष जाणवते. इंदूर असो की हैदराबाद, ग्वाल्हेर असो की बेळगाव, चार-पाच पिढ्यांचे शेजार, एकमेकांत झालेल्या सोयरिकी, गणेशोत्सवातली तीच मंडळी. त्यामुळे घराण्याच्या नावाला जपणे हा तेथे स्वभावच होऊन बसतो. अशा घरात कोणा काकांची किंवा थोरल्या चिरंजिवांची 'प्रकृती बरी नसते'. ते मुंजीला येत नाहीत, आले तर पंगत बसण्यापूर्वी निघून जातात. कचेरीतून रजेचे अर्ज पत्नीच्या हस्ताक्षरात जातात. तिच्या बांगड्या सराफाकडे 'दुरुस्तीला' म्हणून जातात त्या परत येत नाहीत. सर्वांना सर्व ठाऊक असते आणि कोणी काही बोलत नाही. गुजरातेत दारूबंदी असल्यामुळे तेथल्या घरांत या लपवाछपवीला कायद्याच्या धाकाची आणखी एक गाठ बसते. गोव्यात याच्या उलट, गावातल्या तावेर्नात रोज संध्याकाळी बसणे हे इतके सरावाचे की बसणाऱ्यांपैकी कोणाचा पाय केव्हा खोलात गेला हे शेजारच्या बाकावरच्यालाही कळत नाही.

पाय खोलात गेला म्हणजे नक्की काय झाले? व्यसन ही वाईट सवय आहे, की दुर्गुण आहे, की रोग? इंग्लंडच्या आरमारातील डॉक्टर टॉमस ट्रॉटर याने १८०४ साली लिहिलेल्या निबंधात दारूची सवय हा मनाचा रोग आहे, असे स्पष्ट मांडले होते. वैद्यकाने ते मनावर घ्यायला दीडशे वर्षे लावली; अमेरिकेच्या वैद्यक संघटनेने १९५६ मध्ये मद्यासक्ती हा आजार असल्याचे मान्य केले. जागतिक आरोग्य संघटनेने १९६४ साली 'व्यसन' या दोषारोपाचा वास येणाऱ्या शब्दाऐवजी 'अवलंबित्व' हा शब्द सुचवला. आपल्याकडे मात्र 'व्यसनी' हा शब्द अजूनही शिवीसारखाच उच्चारला जातो, आणि ज्याला तो लागू होतो तो मनुष्य तो ऐकताच आणखी एक पेला भरतो.

हा रोग आहे असे म्हणण्याचा आधार मेंदूच्या घडणीत आहे. १९५४ मध्ये कॅनडातील मॅक्‌गिल विद्यापीठात जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिल्नर या दोघा संशोधकांनी उंदरांच्या मेंदूत बारीक तारा बसवल्या. एक कळ दाबली की मेंदूच्या विशिष्ट भागाला विजेचा सौम्य स्पर्श होई. ते उंदीर ती कळ तासातून शेकडो वेळा दाबू लागले. जो भाग अन्न, पाणी, संग आणि संतती यांच्याकडे प्राण्याला ओढून नेण्यासाठी निसर्गाने घडवला, त्याच भागावर दारू, अफू, गर्द, तंबाखू यांचा मारा होतो. नैसर्गिक सुखापेक्षा हा मारा जोरकस असतो, म्हणून मेंदू हळूहळू आपले दरवाजे लावून घेतो. मग पूर्वीच्या मात्रेने भागत नाही. मात्रा वाढवावी लागते. आणि पुढे अशी अवस्था येते की सुखाकरता पिणे संपते व दुःख टाळण्याकरता पिणे सुरू होते. पहाटे हात थरथरतात म्हणून जो 'उतारा' घेतो तो मजेसाठी घेत नाही, हे कळायला वैद्यकाची पदवी लागू नये. तरी घरातली माणसे त्या पहाटेच्या पेल्यालाच सर्वांत मोठी निर्लज्जता समजतात.

या रोगाने किती माणसे पछाडली आहेत? केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने देशभर पाहणी केली. तिचा अहवाल २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. दहा ते पंचाहत्तर वयाच्या लोकांपैकी सुमारे १६ कोटी दारू घेतात, असे त्यात आढळले. हे सगळेच रोगी नव्हेत. परंतु त्यांतील सुमारे २ कोटी ९० लाख लोक दारूवर पूर्णपणे अवलंबून असल्याचे दिसले. अफू व तिच्या वर्गातील पदार्थांमुळे ज्यांना मदतीची गरज आहे असे सुमारे ७७ लाख. याहून बोचरा आकडा पुढेच आहे: दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांमागे एकालाच कोणत्याही प्रकारचा उपचार लाभला होता, आणि दवाखान्यात किंवा केंद्रात राहून उपचार घेतलेला मनुष्य १८० जणांमागे एक. क्षयरोगाच्या बाबतीत असा आकडा आला असता तर विधानसभांतून गदारोळ उठला असता.

अफूचे नाव निघाले म्हणून माळव्याची आठवण अपरिहार्य आहे. एकोणिसाव्या शतकात होळकर-शिंद्यांच्या मुलखातली अफू मुंबई बंदरातून चीनला जात असे आणि त्या व्यापारावर पेढ्या उभ्या राहिल्या. मंदसौर, नीमच, रतलाम या भागात सरकारी परवान्याने खसखशीची शेती आजही होते. नीमचला सरकारचा अफूचा कारखाना आहे. त्या अफूपासून होणारे मॉर्फीन कर्करोगाच्या रुग्णाची शेवटची रात्र सुसह्य करते, हे विसरून चालणार नाही. पदार्थ तोच, एकाला तो औषध, दुसऱ्याला बेडी. तान्ह्या मुलाने झोपावे व आईला कामावर जाता यावे म्हणून अफूची गोळी उगाळून चाटवण्याची चाल जुन्या काळी अनेक घरांत होती, आणि त्या आया काही दुष्ट नव्हत्या.

१९८० नंतरच्या दशकात मुंबई-पुण्याच्या रस्त्यांवर ब्राउन शुगर, म्हणजे अशुद्ध हेरॉइन, आले. पोरे तिला 'गर्द' म्हणू लागली. चांगल्या घरांतली, महाविद्यालयात जाणारी मुले सहा-आठ महिन्यांत भांडी-कुंडी विकू लागली. पत्रकार व लेखक अनिल अवचट यांनी या मुलांमध्ये हिंडून लिहिले. त्यांच्या पत्नी डॉ. अनिता अवचट या येरवड्याच्या मनोरुग्णालयात मनोविकारतज्ज्ञ होत्या. ते लेखन वाचून पु. ल. देशपांडे व सुनीताबाई यांनी या कामासाठी देणगी देऊ केली, आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी मनोरुग्णालयाच्याच आवारात 'मुक्तांगण' हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले. त्याआधी, १९८० मध्ये मद्रासला शांती रंगनाथन यांनी आपल्या पतीच्या स्मरणार्थ असेच काम आरंभले होते. १९८१ मध्ये मुंबईत वांद्र्याला फादर जो परेरा यांनी 'कृपा फाउंडेशन' उभे केले; बी. के. एस. अय्यंगार यांच्याकडे शिकलेला योग त्यांनी उपचारात आणला, आणि या संस्थेचे काम गोव्यातही पोचले. परंतु मराठी घरांच्या बोलण्यात 'केंद्रात ठेवणे' हा वाक्प्रयोग रुळला तो प्रामुख्याने मुक्तांगणमुळे. डॉ. अनिता अवचट १९९७ मध्ये कर्करोगाने गेल्या. अनिल अवचट २०२२ मध्ये गेले. त्यांची कन्या मुक्ता पुणतांबेकर यांनी ते काम पुढे चालवले.

केंद्रात ठेवणे म्हणजे काय होते, याविषयी लोकांच्या कल्पना विचित्र आहेत. काहींना ते तुरुंगासारखे वाटते, काहींना तेथे एखादे इंजेक्शन देऊन दारूची शिसारी आणतात असे वाटते. प्रत्यक्षात उपचाराचे दोन अगदी वेगळे भाग असतात. पहिला शरीराचा, तो थोड्या दिवसांचा. दुसरा मनाचा व जगण्याच्या रीतीचा, तो लांबचा.

पहिल्या भागाविषयी थोडे विस्ताराने सांगणे भाग आहे, कारण येथे अज्ञानाने जीव जातो. दारू मेंदूचा लगाम ओढून धरते. म्हणून मेंदू आपला घोडा अधिकाधिक दौडवीत तोल सांभाळतो. वर्षानुवर्षे असे चालले आणि एक दिवस लगाम एकदम सुटला की घोडा उधळतो. शेवटच्या पेल्यानंतर सहा-आठ तासांत थरथर, घाम, धडधड सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत आकडी येऊ शकते. दोन-तीन दिवसांनी काही रोग्यांना भ्रम होतो: अंगावर किडे चढताहेत, भिंतीतून माणसे बोलताहेत, आपल्याला मारायला कोणी आले आहे. ही अवस्था उपचाराविना प्राणघातक ठरू शकते. घरोघरी याचा अर्थ 'बाहेरची बाधा' असा लावून मांत्रिकाकडे धावतात, किंवा 'सोडली म्हणून वेड लागले' असे म्हणून पुन्हा दारू पाजतात. ज्याने अनेक वर्षे रोज भरपूर दारू घेतली आहे त्याला खोलीत कोंडून ती एकदम बंद करवणे हा म्हणूनच शहाणपणा नव्हे. डॉक्टर तेवढ्या दिवसांपुरती शांतवणारी औषधे मोजून देतात आणि ती हळूहळू उतरवतात. त्याबरोबर ब-१ जीवनसत्त्व देतात, कारण दारूने उपाशी राहिलेल्या शरीरात त्याचा तुटवडा पडला तर स्मृती कायमची अधू होऊ शकते.

गर्द किंवा अफू सोडणाऱ्याची गत निराळी. त्याला पोरे 'टर्की' म्हणतात. जांभया येतात, नाक-डोळे गळतात, अंगावर काटा उभा राहतो, पोटात मुरडा, हाडे मोडल्यासारखी दुखणे, झोपेचे नाव नाही. मनुष्य मरणाची भीक मागतो, पण एरवी धडधाकट माणूस टर्कीने सहसा मरत नाही. त्याचा धोका पुढेच असतो. त्याचे स्थान आले की सांगू या.

आठवड्याभरात शरीर सावरते. रोगी गुटगुटीत दिसू लागतो, जेवतो, हसतो, आणि म्हणतो, 'आता मला काही झालेले नाही, घरी जातो.' नातेवाइकांनाही तसेच वाटते. खरा उपचार येथे सुरू व्हायचा असतो आणि येथेच तो सोडला जातो. मुक्तांगणने पस्तीस दिवसांची मुदत ठरवली ती याच अनुभवावर. या मुदतीत सकाळी उठणे, प्रार्थना, व्यायाम, आपली खोली झाडणे, स्वयंपाकात हात लावणे, मग गटात बसून बोलणे, समुपदेशकाशी एकट्याने बोलणे, संध्याकाळी खेळ, असा दिवस बांधलेला असतो. ऐकणाऱ्याला हे शाळेच्या वसतिगृहासारखे वाटेल. परंतु ज्याच्या दिवसाला दहा वर्षे एकच कणा होता, पेला केव्हा मिळेल हा, त्याला वेळेवर चहा आणि वेळेवर झोप ही नव्याने शिकायची विद्या असते.

गटात बसून बोलण्यात काय जादू आहे? १९३५ साली अमेरिकेत ॲक्रन या गावी न्यूयॉर्कचा एक शेअर दलाल आणि तेथला एक शल्यविशारद यांची गाठ पडली. दोघेही दारूडे. डॉक्टरांनी, धर्मोपदेशकांनी, बायकांनी हजार वेळा सांगून जे झाले नव्हते ते एका दारूड्याने दुसऱ्याला आपली हकिगत सांगितल्याने झाले. त्यातून 'अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस' ही संघटना निघाली; तिच्या सभा आज मराठीतही भरतात, तेथे वर्गणीची सक्ती नाही आणि आडनाव विचारीत नाहीत. व्यसनी मनुष्य थापा मारण्यात इतका मुरलेला असतो की डॉक्टराला तो सहज गुंडाळतो. पण ज्याने स्वतः बायकोचे मंगळसूत्र विकले आहे त्याच्यासमोर त्याची मात्रा चालत नाही. म्हणूनच चांगल्या केंद्रांत बरे झालेले रोगीच पुढे कार्यकर्ते होतात. कॉलर ताठ ठेवून आत आलेला वकील, हातभट्टी पिणारा हमाल, दोघे एका सतरंजीवर बसतात आणि दोघांची थाप एकच निघते: 'मी मनात आणले तर उद्या सोडीन.'

हे एकाच वेळी कुटुंबाचेही उपचार असावे लागतात. सिंधूचा आदर्श आपल्या मनावर इतका कोरलेला आहे की पत्नीने सोसणे हेच तिचे कर्तव्य अशी समजूत अजून जात नाही. तिने साहेबाला खोटे सांगावे, गुत्त्याची उधारी भागवावी, ओकारी पुसावी आणि सकाळी काही झालेच नाही असा चेहरा ठेवावा. हे सारे प्रेमाने केले जाते आणि या साऱ्याने रोगाची मुदत वाढते, कारण दारूचे परिणाम रोग्यापर्यंत पोचू दिले जात नाहीत. मुक्तांगणमध्ये पत्नींसाठी 'सहचरी' नावाचा गट चालतो. तेथे येणारी बाई प्रथम नवऱ्याविषयीच बोलते. पुष्कळ दिवसांनी ती स्वतःविषयी बोलू लागते, आपल्याला झोप लागत नाही, मुलांवर हात उगारला जातो, असे सांगू लागते. सिंधूने असे कोणाकडे बोलल्याचे नाटकात नाही.

पतीच्या नकळत त्याच्या आमटीत औषध मिसळण्याचा मोह मात्र या बायांनी टाळला पाहिजे. 'रोग्याला न कळत दारू सोडवा' अशा जाहिराती भिंतीभिंतींवर असतात. १९४८ मध्ये डेन्मार्कच्या दोन संशोधकांनी डायसल्फिराम या औषधाचा गुण प्रकाशात आणला. ते घेऊन वर दारू घेतली तर तोंड तापते, उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब घसरतो. रोग्याने समजून-उमजून, डॉक्टरच्या देखरेखीखाली घेतले तर ते कुंपणाचे काम करते. चोरून दिले तर त्याच कुंपणात मनुष्य अडकून मरू शकतो. आणि त्या पुड्यांत नक्की काय आहे हे विकणाराही सांगत नाही.

मग रोगी तयारच नसेल तर? येथे पुष्कळ घरे एका भलत्या मार्गाला लागतात. रात्री चार दणकट माणसे येतात, झोपेतल्या माणसाचे हातपाय बांधून गाडीत घालतात, आणि कोठल्याशा वस्तीबाहेरच्या 'नशामुक्ती केंद्रात' नेऊन टाकतात. तेथे डॉक्टर नसतो, दरवाजाला कुलूप असते, आणि शिस्तीचे साधन काठी असते. असल्या जागांच्या बातम्या वेळोवेळी येतात, त्यांत मृत्यूच्याही असतात. मद्य व मादक द्रव्यांच्या अतिसेवनाशी निगडित मनोवस्था २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कक्षेत येतात. त्या कायद्याने रोग्याला साखळीने बांधणे कोणत्याही सबबीवर निषिद्ध ठरवले आहे. रोगी आपणहून दाखल होणे हा नियम. ज्याला आपले बरेवाईट कळण्याची स्थिती नाही, जो स्वतःच्या किंवा इतरांच्या जिवावर उठला आहे, अशाला त्याच्या प्रतिनिधीच्या अर्जावरून दाखल करता येते. पण त्यालाही वैद्यकीय तपासणीची अट व तीस दिवसांची मर्यादा आहे. घरच्यांनी केंद्र निवडताना इमारत पाहण्याआधी नोंदणीचा कागद पाहावा, रात्री डॉक्टर येतो काय हे विचारावे, आणि रोग्याला भेटू देण्यास जे नकार देतात त्यांच्याकडे पाठ फिरवावी.

शिवाय प्रत्येकाला केंद्राची गरज असते असेही नाही. गोव्यात 'संगथ' या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत केलेला प्रयोग २०१७ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. डॉक्टर नसलेल्या, पण शिकवून तयार केलेल्या समुपदेशकांनी घातक प्रमाणात दारू घेणाऱ्या पुरुषांशी मोजक्या बैठकांत संभाषण केले, आणि नुसत्या नेहमीच्या उपचारापेक्षा त्याचा गुण अधिक आला. ज्याचा पाय अजून घोट्यापर्यंतच आहे त्याला गावातच, नोकरी न सोडता, हात देता येतो. केंद्रात राहण्याची गरज कोणाला? ज्याला पूर्वी सोडताना आकडी आली किंवा भ्रम झाला त्याला; घरी दोन-चारदा प्रयत्न करून जो फसला त्याला; ज्याच्या घरातच पिणे चालते त्याला; आणि ज्याला सोबत खिन्नतेचा किंवा दुसरा मनोविकार आहे, आत्महत्येचे विचार येतात, त्याला.

आता त्या पस्तीस दिवसांनंतरचे. व्हिएतनाममध्ये लढणाऱ्या अमेरिकन सैनिकांत हेरॉइनचे व्यसन फार फैलावले होते. १९७१ मध्ये परतलेल्यांचा माग ली रॉबिन्स या विदुषीने काढला, तेव्हा डॉक्टरांचे अंदाज चुकले. तिकडे व्यसनात सापडलेल्यांपैकी मायदेशी परतल्यावर पहिल्या वर्षात शेकडा पाचच्या आसपासच पुन्हा त्या गर्तेत गेले. युद्ध मागे राहिले, ते मित्र मागे राहिले, स्वस्त हेरॉइन मागे राहिले. त्यांच्याबरोबर तलफही बऱ्याच अंशी मागे राहिली. या हकिगतीचा आधार घेऊन कित्येक जण म्हणतात, 'पाहा, माणसाला जागेवरून हलवले की काम झाले.' पण केंद्रातून सुटणाऱ्याची वाट नेमकी उलटी असते. सैनिक व्यसनाच्या भूमीतून घरी आला. आपला रोगी केंद्राच्या सुरक्षित भूमीतून व्यसनाच्या भूमीत परत जातो. तीच गल्ली, तोच कोपऱ्यावरचा दिवा, पगाराची तीच तारीख, तोच मित्र पाठीवर थाप मारून म्हणणारा की एकाने काय होते. नाटकाचे नावच त्या थापेत आहे.

म्हणून निवासी उपचाराचे मोल पस्तीसाव्या दिवशी करू नये. घसरणे हे या रोगात सर्रास घडते. मधुमेह्याची साखर वाढावी तसे. एकदा घसरलेल्याला 'बघा, पैसे फुकट गेले' असे म्हणणारे घर त्याला दुसऱ्या पेल्याकडे ढकलते, आणि दुसऱ्याच दिवशी केंद्रात दूरध्वनी करणारे घर त्याला अडवते. चांगली केंद्रे महिन्या-महिन्याला जुन्या रोग्यांना बोलावतात; व्यसनमुक्तीचे एक वर्ष, पाच वर्षे, दहा वर्षे पुरी झालेल्यांचे वाढदिवस करतात. सहा महिन्यांचा 'बाळ' असलेला पन्नाशीचा गृहस्थ आणि त्याला पेढा भरवणारी त्याची शाळकरी मुलगी हे दृश्य तेथे नवलाचे नसते.

गर्द, अफू किंवा त्या वर्गाची इंजेक्शने घेणाऱ्याचा जो धोका पुढे ठेवला होता तो येथे येतो. महिनाभर दूर राहिल्यावर शरीराची ती जुनी सोसण्याची ताकद जाते. मनाला मात्र जुनी मात्रा आठवत असते. बाहेर पडलेला मुलगा एकदाच म्हणून पूर्वीइतकीच मात्रा घेतो, आणि श्वास थांबतो. केंद्रातून सुटका झाल्यानंतरचे पहिले काही आठवडे म्हणूनच सर्वांत घातक. ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोन यांसारखी औषधे डॉक्टरच्या देखरेखीखाली दीर्घकाळ घेणे अशांसाठी जीव राखणारे ठरते. 'एक नशा सोडवून दुसरी लावली' असा आक्षेप त्यावर घेतला जातो. तो घेणाऱ्यांनी मुलाच्या तेराव्याला बसलेल्या आईकडे एकदा पाहावे.

विचारपूस कोठे करावी, हे शेवटी सांगितलेच पाहिजे. गोव्यात बांबोळीची मनोविकार संस्था, धारवाडचे मानसिक आरोग्य रुग्णालय, इंदूरचे बाणगंगेचे आणि ग्वाल्हेरची मानसिक आरोग्यशाळा, वडोदऱ्यास कारेलीबागेतले, हैदराबादला एर्रागड्ड्याचे, ही सरकारी रुग्णालये आपापल्या गावातल्या लोकांना ठाऊक आहेत; वेड्यांचे इस्पितळ या जुन्या नावाने ठाऊक आहेत, आणि त्या नावामुळेच लोक फाटकातून आत जात नाहीत. केंद्र सरकारचा १४४४६ हा दूरध्वनी क्रमांक याच कामासाठी आहे; त्यावर रोग्याऐवजी त्याच्या बहिणीने किंवा मुलानेही बोलायला हरकत नसते.

दाखल करताना बरोबर चार कपडे, चालू औषधांच्या चिठ्ठ्या आणि पूर्वी आकडी आली असल्यास तिची तारीख न्यावी. डॉक्टर आरंभीच विचारतात तो प्रश्न असा: रोज किती घेत होता, आणि शेवटचा पेला केव्हा घेतला? रोगी लाजेने निम्मे सांगतो, आणि शेजारी उभी असलेली आई किंवा पत्नी घराच्या अब्रूसाठी त्याचेही निम्मे करते. पहिल्या तीन रात्रींच्या औषधाची मात्रा त्या एका उत्तरावर ठरते.